गाई म्हणजे झोप

लहान मुलांना कसं निजवावं यावर मी काही लिहावं, हा खरं तर आगाऊपणाच आहे. माझं लग्न झालेलं नाही. ज्यांनी घरात मुलं वाढवली आहेत, रात्रीच्या रात्री जागून काढल्या आहेत, त्यांच्यापुढे मी काय सांगणार? शिवाय माझी मराठीही धड नाही. मी झाशीत वाढलो. शाळा हिंदीत झाली, कॉलेजही हिंदीतच चाललं आहे. मराठी मला आईच्या बोलण्यातून मिळाली, आणि पुढे हाताला लागेल ते वाचत मी ती थोडीफार लिहायला शिकलो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, म्हणून घरच्यांना वाटतं की मला लिहिता येतं. मला तसं वाटत नाही. तरी लिहितो आहे, कारण त्या एप्रिलमधल्या दुपारींबद्दल मला कोणाशी बोलता आलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

बाबा सैन्यात होते. सातारा जिल्ह्यातल्या गावाहून ते झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत आले. नोकरी संपल्यावर गावी जाऊ, गावी जाऊ म्हणत झाशीतच राहिले आणि दोन खोल्यांचं घर बांधलं. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, तोही सैन्यात गेला. त्याची बायको आमच्या गावाकडचीच. दादाची नेमणूक वर बर्फातल्या चौकीवर झाली तेव्हा वहिनी दोन्ही मुलांना घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. मुलगा पाच वर्षांचा, मुलीला नुकतंच तिसरं लागलेलं.

दादाची फोन करायची पाळी दुपारी यायची. वहिनी उशीला टेकवून फोन उभा करायच्या आणि मुलं त्याच्यासमोर आडवी व्हायची. दादा विचारायचा, काय खाल्लं, कोणाशी भांडलात, आजीला त्रास दिला का. आणि शेवटी म्हणायचा, "चला, आता गाई." आमच्यात लहान मुलांशी बोलताना झोपेला गाई म्हणतात. दादाने ते म्हटलं की दोघं डोळे मिटायची. पप्पा बघतायत म्हणून अगदी घट्ट, नाकाला सुरकुत्या पडेपर्यंत. दादा तिकडे गप्प बसून राहायचा. थोड्या वेळाने सुरकुत्या आपोआप जायच्या. मुलांना निजवणं हे एक काम असतं हे त्यामुळे मला माहीतच नव्हतं.

मग एका दुपारी फोन आला नाही. असं अधूनमधून व्हायचं, म्हणून कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांना बबीन्यातल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून कळलं, की वर बर्फाचा कडा सरकलाय, गस्तीला गेलेली तुकडी परत आलेली नाही, आणि दादा त्या तुकडीत आहे. जिवंत आहेत की नाहीत हे कोणालाच सांगता येत नव्हतं. बाबांकडे एवढेच शब्द होते, 'संपर्क नाही'. ते त्यांनी आईला सांगितले, आईने वहिनींना सांगितले. कोणी रडलं नाही. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि चपात्या लाटायला लागल्या. जेवायला लागतील त्याहून कितीतरी जास्त. उरलेल्या चपात्या आईने शेजारच्या चाचींच्या गायीला घातल्या.

मला त्या वेळी काय वाटलं, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं. काही आठवत नाही. कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि ते भरायला हवं, एवढं आठवतं. मी बादली घेऊन गेलो.

मुलांना आम्ही सांगितलं की टॉवर बिघडलाय.

"मग कोण नीट करणार?" मुलाने विचारलं.

"येतील माणसं."

"पप्पाच करतील. माझ्या सायकलची चेन पण पप्पांनीच बसवली होती."

"हो, पप्पाच करतील," आई म्हणाली, आणि तिने त्याच्या पुढ्यातली ताटली उचलली. त्याचं खाणं अजून संपलं नव्हतं.

त्या दिवसापासून मुलांची दुपारची झोप गेली. आमचं घर माणसांनी भरून जायला लागलं. बबीन्याहून आपल्याकडच्या फौजी घरांतल्या बायका यायच्या, बाबांबरोबर नोकरी केलेले लोक यायचे. चांगल्या मनानेच यायचे. पण जो येईल तो आधी मुलांना जवळ ओढायचा. कोणी डोक्यावरून हात फिरवायचं, कोणी डोळ्यांना पदर लावायचं, कोणी हातात बिस्किटाचा पुडा द्यायचं. मुलगी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जात राहायची. एक बाई तिला छातीशी धरून म्हणाल्या, "किती गं गुणाची, हिला काय कळतंय!" मुलीने त्यांची माळ ओढून तोडली. मणी कॉटखाली गेले. त्या बाई म्हणाल्या, "असू दे, असू दे." नंतर त्याच सगळ्यात जास्त वेळ वाकून मणी शोधत होत्या.

दुपार कलली की दोघंही बिघडायची. मुलगी पाणी मागायची, दिलं की सांडायची, सांडलं म्हणून रडायची. मुलगा भिंतीवर चेंडू मारत राहायचा. चेंडू काढून घेतला तर चप्पल मारायचा. त्याचे डोळे लाल झालेले असायचे आणि तो ओरडायचा, "मला झोप नाही आली! मला झोप नाही आली!" कोणी त्याला झोप म्हटलेलंही नसायचं.

आई म्हणाली, "अरे, तू बघ ना जरा यांच्याकडे. मला आल्यागेल्याचं बघायचंय."

माझी परीक्षा जवळ आली होती, पण मी कॉलेजला जात नव्हतो आणि वाचतही नव्हतो. मला काहीतरी काम हवंच होतं. मी हो म्हटलं. मोबाइलवर शोधलं, मुलांना शांत कसं करावं, लवकर कसं निजवावं. तिथे लिहिलं होतं की मुलांना वेगळी खोली असावी, उजेड मंद असावा, घरात ताण नसावा. आमच्याकडे कूलर एकच, त्यामुळे दुपारी सगळं घर त्याच खोलीत. बाकीच्याबद्दल तर बोलायलाच नको. मी मोबाइल खाली ठेवला.

पहिल्या दुपारी मी मागची खोली रिकामी केली आणि कूलर ओढून तिच्या दाराशी लावला. पुढच्या खोलीतली मंडळी पदराने वारा घेत बसली. मी दोघांना सतरंजीवर आडवं केलं आणि मुलाच्या पाठीवर थोपटत म्हणालो, "चल, डोळे मीट. मी तुला सुलवतो."

त्याने मान वर केली. "काय करतो?"

"सुलवतो."

"असा शब्दच नाही! निजवतो म्हणतात. काका, तुला मराठी येत नाही!" तो हसायला लागला. तो कशाला हसतोय हे न कळताच बहीणही हसायला लागली. "सुलवतो! सुलवतो!" त्यांनी त्याचं गाणंच केलं आणि सतरंजीवर उड्या मारायला लागली. हिंदीतलं सुलाना माझ्या तोंडात मराठी होऊन बसलं होतं. मला ते त्या दिवशी कळलं. स्वयंपाकघरातून वहिनींनी डोकावून पाहिलं. हसण्याचा आवाज घरात कुठून आला, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्या पुन्हा आत गेल्या.

मुलं त्या दुपारी झोपली नाहीत.

मी सगळं करून पाहिलं. पायांना तेल लावलं. ओल्या फडक्याने तोंडं पुसली. पोपटाची गोष्ट सांगितली. ती मला पूर्ण येत नव्हती, म्हणून मध्ये हिंदीत शिरलो, तर मुलगा म्हणाला, "ही तर शाळेतली आहे." मी जितकं काही करत होतो तितकी ती जागी होत होती. मुलगी तर शेवटी मला पाहिलं तरी रडायला लागायची.

अशाच एका दुपारी ती फारच रडत होती. शेजारच्या चाची आल्या होत्या. चाची इथल्याच, घरी बुंदेली बोलतात, आणि मला लहानपणापासून लला म्हणतात. त्यांनी मुलीला कडेवर घेतलं. मुलगी डोळे चोळत ओरडत होती, "गाई! गाई! गाई!"

"अरे लला," चाची मला म्हणाल्या, "मोड़ी कब की गैया-गैया कर रई, और तुम औरें सुनतई नईंयां!" पोरगी गाय मागतेय आणि तुम्हाला ऐकूच येत नाही, असं.

"चाची, नहीं, वो गाई मतलब..."

"काए, गैया को मतलब हम नईं जानत का? चलो बिन्नू, गैया देखें!" आणि त्या तिला घेऊन बाहेर पडल्यासुद्धा.

मी मागे धावलो. चाचींच्या दाराशी कडुनिंबाच्या सावलीत त्यांची गाय बसलेली होती. झोप मागणाऱ्या मुलीसमोर एकदम एवढं मोठं जनावर आलं. तिने आधी किंचाळून चाचींच्या मानेत तोंड खुपसलं. मग हळूच एका डोळ्याने पाहिलं. गाय काहीच करत नव्हती. तोंड हलवत होती, कधी कान हलवत होती. आमच्या घरात जे चाललं होतं त्याची तिला काही खबर नव्हती. चाची बाजेवर बसल्या आणि आपल्या सुनेच्या तक्रारी मला सांगायला लागल्या, हळू आवाजात, न थांबता. त्यांनी मुलीला ना थोपटलं, ना गाणं म्हटलं. थोड्या वेळाने मी पाहिलं तर मुलीचा हात खाली लोंबत होता. ती झोपली होती.

"देखो," चाची म्हणाल्या, "गैया चइए हती." गायच हवी होती, असं.

मी त्यांना काही समजावलं नाही.

मुलाने मात्र घरी आल्यावर मला सुनावलं. "चाचीला कळत नाही. गाई म्हणजे गाय नाही."

"मग काय?"

"गाई म्हणजे..." तो विचार करायला लागला. "पप्पांचा फोन आल्यावर करतात ते."

मी म्हटलं, "हो."  तो सतरंजीच्या कडेचा दोरा काढत बसला.

दुसऱ्या दुपारी मी वेगळं काहीच केलं नाही. म्हणजे खरोखरच काही केलं नाही. मागच्या खोलीचं दार लोटलं, आलेल्या मंडळींना "मुलं झोपलीत" असं आधीच सांगून टाकलं, आणि भिंतीला पाठ लावून बसलो. थोपटलं नाही, गोष्ट सांगितली नाही, झोपा म्हटलं नाही. डब्यातली बडीशेप तोंडात टाकली आणि चघळत राहिलो. मुलं थोडा वेळ भांडली. मग मुलगा माझ्यासमोर येऊन बसला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"काका, तू गायीसारखा खातोयस."

"हं."

"मला पण दे."

मी दिली. तो माझ्या शेजारी भिंतीला टेकून चघळत बसला. मग घसरत घसरत खाली गेला आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर आलं. त्याच्या गालात बडीशेप तशीच होती. घशात अडकू नये म्हणून मी ती बोटाने काढून घेतली.

हे मी काही मोठं शोधून काढलं असं मला म्हणायचं नाही. सगळ्या आयांना हे माहीत असणार. मला एवढंच वाटतं की त्या घरात तेव्हा शांत असं कोणी नव्हतं, आणि मीही नव्हतो. मी फक्त सुन्न होतो. लांबून मुलांना ते शांतपणासारखंच दिसत असावं. माझ्यापाशी तेवढंच होतं. त्यावर मुलगा झोपला.

मुलगी झोपत नव्हती. गायीपाशी झोपायची, पण बाहेर आता ऊन वाढलं होतं आणि लू, म्हणजे इकडचा भाजणारा वारा, सुरू झाली होती. खोलीत ती उठून उठून दाराशी जायची आणि फटीतून बघायची. आई कुठे आहे ते बघायची. आणि तिची आई, म्हणजे वहिनी, त्या सगळ्या दिवसांत एकदाही आडव्या झालेल्या मी पाहिल्या नव्हत्या. दुपारी त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायच्या, फोन मांडीवर, फोनची वायर भिंतीतल्या बोर्डात. वायर जेमतेम तिथवर पोहोचायची म्हणून तिथेच. बाबा रोज सकाळी बबीन्याला जायचे, काही कळतंय का बघायला. कळलं तर वहिनींच्याच फोनवर येणार होतं, कारण दादाच्या कागदांत तोच नंबर लिहिलेला होता.

मी जाऊन म्हणालो, "वहिनी, तुम्ही जरा आत येऊन पडा. तुम्ही पडलात तरच ही पडेल."

"तुम्ही निजवा भावजी. तुम्हाला जमायला लागलंय."

"मला नाही जमत. ती तुम्हाला शोधतेय."

त्या फोनकडे बघत राहिल्या. "आत वायर पोचत नाही."

"मी बसतो इथे. फोन माझ्याकडे द्या."

 मुलगी येऊन त्यांच्या पदराला धरून उभी राहिली होती. रडतही नव्हती. मान एका बाजूला पडत होती आणि पुन्हा सरळ होत होती.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "एक ऐकाल?"

"बोला."

"वाजला तर तुम्हीच घ्या. वाईट असलं तर मला उठवू नका. मी उठेन तेव्हा सांगा. एवढी एक झोप होऊ द्या. पोरांची पण आणि माझी पण. आणि चांगलं असलं तर..." त्यांनी मुलीला जवळ ओढलं. "चांगलं असलं तर लगेच उठवा."

"बरं."

"आणि आईंना सांगायच्या आधी मला."

"बरं, वहिनी."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. तो गरम झाला होता. त्या आत गेल्या आणि दोन्ही मुलांच्या मध्ये आडव्या झाल्या. मुलगी लगेच त्यांच्या पोटाशी शिरली. त्यांनी एवढंच म्हटलं, "गाई हं, गाई," आणि मग खोलीतून फक्त कूलरचा आवाज येत राहिला. मी एकदा डोकावलो. तिघंही झोपली होती. वहिनींचं तोंड उघडं होतं, एक हात मुलाच्या अंगावर होता, पायात चप्पल तशीच होती.

त्या दिवशी कोणी भेटायला आलं नव्हतं. आई पुढच्या खोलीत लसूण सोलत बसली होती. मी उंबऱ्यावर बसलो. मला देवाचं नाव घ्यावंसं वाटलं नाही. दादाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर फोनच्या पडद्यावरचाच आठवत होता, जरा वाकडा, मागे पत्र्याची भिंत. मी मनात म्हटलं, आता वाजू नये. निदान ही तिघं उठेपर्यंत नको. मग वाटलं, वाजला नाही तर उद्या पुन्हा हेच. दोन्हीपैकी काय हवं ते मला ठरवता येईना. म्हणून मी आई किती हळू लसूण सोलतेय ते बघत राहिलो.

फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. मी पहिल्या घंटेलाच उचलला आणि अंगणात गेलो.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. त्याने दादाच्या बायकोला विचारलं.

"वो सो रही हैं," मी म्हणालो. "मैं देवर हूँ. आप मुझे बताइए."

त्याने आधी माझी खात्री करून घेतली. दादाचं गाव विचारलं, वडिलांचा हुद्दा विचारला. मी उत्तरं देत गेलो. माझा आवाज परीक्षेत तोंडी उत्तरं देतात तसा येत होता. मग तो एकामागून एक वाक्यं बोलला आणि मी प्रत्येक वाक्यानंतर "जी" म्हणालो. शेवटी त्याने विचारलं, "आप समझ गए ना?" मी "जी" म्हणालो. फोन बंद झाला. अंगण तापलं होतं आणि मी अनवाणी होतो, हे मला तेव्हा कळलं.

मी आत आलो. आईने मान वर केली. तिच्या हातात लसणाची पाकळी तशीच राहिली. मी तिला काही सांगितलं नाही आणि तिच्या समोरून मागच्या खोलीकडे गेलो. ती उठून माझ्यामागे आली आणि दाराशी थांबली.

मी दार ढकललं. मुलं जागी होऊ नयेत म्हणून वहिनींच्या पायाशी बसलो आणि त्यांच्या पावलाला हात लावला.

"वहिनी. वहिनी, उठा."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना उठवलं होतं, याचा अर्थ त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी मुलीच्या अंगाखालून हात हळूच काढून घेतला आणि उठून बसल्या.

"दादा सापडला," मी म्हणालो. "जिवंत आहे. खाली दवाखान्यात आणलंय. पायाची बोटं जातील म्हणाले, वहिनी. पण जिवंत आहे."